रशिदामावशीचा पुढचा शुक्रवार

१५ जून २०२५
कार्ले

यशोधरा,

माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता मामेभावाकडून, अजीमकडून लिहून घेतलाय. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, मेलला उत्तर देत नाहीस, तेव्हा टपालखातंच उरलं. तुझा बंगळुरूचा पत्ता सारिकाकाकूंनी दिला. मी तळेगावला तुमच्या घरी गेले होते. काकूंनी चहा केला, बळेबळे दोन लाडू खायला लावले आणि विचारलं, "तुमचं दोघींचं काही बिनसलंय का गं?" मी म्हटलं, छे हो काकू, कामात असते ती. तुझ्या आईसमोर मी तुझी लाज राखली. तू माझ्या आईची राखली नाहीस.

सरळ मुद्द्यावर येते. आपल्या 'ठेवता का मावशी?' या दर शुक्रवारच्या कॉमिकचं पान अजून इंटरनेटवर आहे. शेवटचा भाग मार्च तेवीसमधला. त्याखाली अजूनही अधूनमधून कोणीतरी येऊन विचारतं, पुढे काय झालं? तू चित्रं काढायचीस आणि मी मावशी बनून वाचकांना उत्तरं द्यायचे, अशी आपली वाटणी होती. त्यामुळे ते प्रश्न आजही माझ्याच फोनवर वाजतात. पासवर्डही तू बदललेला नाहीस. इतकंसुद्धा लक्ष नाही तुझं तिकडे.

तू विसरली असशील, म्हणून शेवटचा भाग सांगते. पहिल्या चौकटीत मुंबईची एक बाई मावशीच्या टपरीवर बॅग ठेवून पायऱ्या चढते. दुसरीत परत येऊन बॅगेत हात घालते, तर अंगठी नाही. तिसरीत गर्दी. चौथीत हवालदार टपरीवरच्या तारेकडे बोट करून विचारतो, "मावशी, अजून काय काय ठेवलंयत?" आणि खाली तुझ्या वळणदार अक्षरात, 'पुढच्या शुक्रवारी'.

गोष्ट म्हणून ठीक होती. फक्त माझी अम्मी ही गोष्ट नाही. कार्ल्याला लेण्यांच्या पायऱ्यांच्या तोंडाशी तिची खरी टपरी आहे, ती खरी कणसं भाजते, आणि गिऱ्हाईक तिच्याकडे यायचं ते कणसापेक्षा बॅगा ठेवायला. चिठ्ठी नाही, बिल्ला नाही. "ठेवता का मावशी?" म्हणायचं, बाकड्याखाली बॅग सरकवायची आणि वर जायचं. उतरल्यावर बॅग घेताना माणूस भिडेखातर का होईना, कणीस घेतोच. कोणी काही विसरलं तर अम्मी ते तारेला टांगून ठेवते, मालक येईपर्यंत. छत्री, चष्मा, लहान मुलाचा एकच बूट, एकदा तर कवळी. त्या तारेवर तू नाव कमावलंस.

आता बॅग कोणी ठेवत नाही. छातीशी धरून वर नेतात.

मला तुझ्याकडून एकच भाग हवाय. चार चौकटी. अंगठी सापडली, मावशीनं घेतली नव्हती, एवढं लोकांना दिसू दे. जून संपेपर्यंत वाट बघते. नाही आला, तर पुढचा भाग मी काढीन, आणि तो तुला आवडणार नाही.

उझमा


२९ जून २०२५
कार्ले

यशोधरा,

उत्तर नाही. तू देशील असं मला वाटलंही नव्हतं.

टपरीवर बसून लिहितेय. रविवार आहे, धुकं इतकं की दहाव्या पायरीपुढचा माणूस दिसत नाही. गर्दी आहे. शेजारी जानूभाऊच्या नारळाच्या दुकानात बॅगांचा ढीग लागलाय आणि आमचं बाकडं रिकामं. जानूभाऊ बिचारा प्रत्येकाला सांगतो, "मावशीकडं ठेवा, माज्याकडं जागा न्हाई." लोक हसून मान हलवतात आणि ओझं घेऊन चढायला लागतात.

तुला 'दीपगृहातली शेळी' आठवते का? पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षी मशीन ड्रॉइंगच्या तासाला आपण मागच्या बाकावर तुझ्या फोनवर वाचायचो. कुठल्याशा थंड देशातला माणूस दर सोमवारी एक पान टाकायचा. इंग्रजी तू मला समजावून सांगायचीस. दीपगृहाचा म्हातारा रखवालदार आणि त्याची शेळी. वादळात शेळी होडीत चढते, दोर सुटतो आणि पान संपतं. त्यानंतर त्या माणसानं काही टाकलंच नाही. सहा महिन्यांनी त्याचा दुसरीकडे फोटो दिसला, कुठल्या तरी जत्रेत टोप्या विकताना, ठणठणीत. तू डोळे पुसत म्हणाली होतीस, "यांना वाटतं कॉमिक यांच्या बापाचं असतं."

मग 'अंतराळातलं किराणा दुकान' गेलं. दुकानदारीण दार उघडायला निघाली होती, ते दार अजून उघडलेलं नाही. 'दोन कावळे' थांबलं तेव्हा मात्र आपण चिडलो नव्हतो, कारण ते काढणारी बाई वारली आणि तिच्या मुलानं दोन ओळी लिहून वाचकांना कळवलं. आपला नियम तेव्हा ठरला. मेलेल्याला माफ, आजाऱ्याला माफ. नोकरी लागली, लग्न झालं, कंटाळा आला, तर निदान एक शेवटचं पान काढून सांगायचं की शेळीचं काय झालं. हा नियम तुझ्या तोंडचा आहे. मी अजून सोमवारी ते पान उघडते. होडी तिथंच आहे, शेळी मागे बघतेय. तिथं माझ्यासारखे आणखी काही जण येतात, एकमेकांची विचारपूस करून जातात. त्या माणसाला आम्ही काय काय बोलतो ते लिहिण्यासारखं नाही.

आता तुला माहीत नसलेलं सांगते. तेव्हा मी नवलाख उंबऱ्याला कंपनीजवळ खोली घेऊन राहत होते आणि फक्त रविवारी घरी यायचे. अम्मीला पण भाग शुक्रवारीच हवा असायचा. मामेभाऊ अजीमचं फाट्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. तो प्रिंट काढून लॅमिनेट करून आणायचा आणि अम्मी जुना भाग उतरवून नवा दर्शनी खांबाला बांधायची. तिला वाचता येत नाही. चित्रं बघून ओळखायची, ही मी, ही माझी शेगडी, हा जानू. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायची, "ह्ये बगा, ही मी. माज्या पोरीच्या मैतरणीनं काडलंय."

तो भागही तिनं टांगला, स्वतःच्या हातानं. हवालदाराला बघून तिला वाटलं, साहेब कणीस खायला आलेत. तूच त्याच्या दुसऱ्या हातात कणीस दिलं होतंस, गंमत म्हणून. दोन दिवस ती लोकांना बोलावून बोलावून तो भाग दाखवत होती. लोक वाचायचे, एकमेकांकडे बघून हसायचे आणि तिला त्याखाली उभं करून फोटो काढायचे. अम्मी पदर सारखा करून उभी राहायची.

रविवारी मी आले, वाचलं आणि तुला फोन केला. तू म्हणालीस, "अगं, पुढच्या शुक्रवारी सगळं क्लिअर होतंय, राहू दे टांगलेलं, मजा येईल." पुढच्या शुक्रवारी काय आलं? 'थोडा ब्रेक घेतेय, लवकरच भेटू, प्रेम असू द्या.' पुढे एक पिवळा बदाम. तुला बंगळुरूला नोकरी लागली होती.

तोवर तो फोटो मावळभर फिरला. वर 'अजून काय काय ठेवलंयत', खाली हसणारी अम्मी. कोणीतरी चित्र कापून नुसती अम्मी ठेवली आणि लिहिलं, कार्ल्याची चोर रशिदामावशी, सावधान. त्यात तुझं नाव कुठंच नव्हतं. तिचं होतं. खरं नाव ठेवायचा हट्ट तुझा, रशिदा या नावात वजन आहे म्हणाली होतीस. त्या नावावरून लोकांनी खाली काय काय लिहिलं, ते मी वाचलंय. अंगठीबद्दल त्यात फारसं कोणी बोलत नव्हतं.

अम्मीला कळलं ते एका बाईकडून. तिनं ठेवलेली बॅग परत ओढून घेतली आणि म्हणाली, "नको मावशी, राहू द्या, आम्ही वाचलंय." अम्मीनं मला विचारलं, "काय वाचलंय गं?" ते मला सांगावं लागलं, यशोधरा. शब्द तुझे होते आणि वाचून मी दाखवले.

उद्या जून संपतोय.

उझमा


१३ जुलै २०२५
कार्ले

यशोधरा,

पाहिलंस तर माझा भाग. दोन वर्षांत पहिल्यांदा मला अनब्लॉक केलंस आणि पहिला शब्द काय, तर 'डिलीट'. मेसेजला उत्तर देणार नाही. माझं म्हणणं टपालानंच येईल, म्हणजे तुला ते हातात धरून वाचावं लागेल. पासवर्ड मी बदललाय, शोधत बसू नकोस.

घाईत तुला भाग नीट बघता आला नसेल. मेहनत केलीय मी, म्हणून सांगते. मला चित्रं येत नाहीत हे तुला ठाऊक आहे. कंपनीत मी पार्ट तपासते, त्यामुळे मला ड्रॉइंग वाचता येतं आणि पट्टी धरता येते. तसंच काढलं. मावशी समोरून, मावशी बाजूनं, टपरी वरून. एक नवं पात्र आणलंय, यशू. तळेगावची मुलगी, चित्रांची वही घेऊन टपरीवर बसते, फुकटचं कणीस खाते, वर लिंबू जास्त मागते. दुसऱ्या चौकटीत मावशीचा फोन सापडत नाही. तिसरीत सगळे यशूच्या बॅगेकडे बघतायत. ती बॅग मी तिन्ही बाजूंनी काढलीय, पट्टा, चेन, आणि तू चेनला अडकवलेल्या त्या हिरव्या कासवासकट. चौथीत हवालदार हात पुढे करून म्हणतो, "ताई, बॅग उघडा." खाली, 'पुढच्या शुक्रवारी'.

वाचक तुटून पडले. मावशी परत आली म्हणून कोणी नाचतंय, कोणी म्हणतंय चित्रं भयाण आहेत पण मजा आली. आणि संध्याकाळच्या आत एकानं विचारलंच, यशू म्हणजे ती चित्रकारच ना? मी मावशी बनून एवढंच लिहिलं, "बॅग वळखीची वाटती का?" बाकीचं लोकांनी केलं. लोक ते करतातच.

तू लिहितेस, मी कधी कुणाचं काही चोरलेलं नाही, ऑफिसात स्क्रीनशॉट आलाय, सगळे गमतीत विचारतायत, पण विचारतायत. मला माहीत आहे तू काही चोरलं नाहीस. अम्मीनं काही चोरलं नाही, हे तुलाही माहीत होतं.

तू लिहितेस, ही फक्त गोष्ट आहे हे लोकांना कळायला नको का? या प्रश्नावर मी खूप हसले. मग हसू थांबलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

शुक्रवारी काय येणार ते आधीच सांगते, म्हणजे तू आशेवर राहायला नकोस. 'थोडा ब्रेक घेतेय, लवकरच भेटू, प्रेम असू द्या.' पिवळ्या बदामासकट.

उझमा


३ ऑगस्ट २०२५
कार्ले

यशोधरा,

काल सारिकाकाकू आल्या होत्या. तू त्यांना पाठवलं नाहीस हे मला कळलं, कारण पायऱ्यांपाशी येऊन त्या विचारत होत्या, रशिदाबाईंची टपरी कुठली. इतक्या वर्षांत तू तुझ्या आईला इथं एकदाही आणलं नव्हतंस.

मी कांदाभजी तळत होते. हो, आता भजीही ठेवतो, कणसावर भागत नाही. काकूंनी मला बघितलं पण बोलल्या अम्मीशी. तुमच्या सोसायटीत भिशीच्या बायकांनी त्यांना फोनवर यशू दाखवली होती. कासव बघून एकीनं विचारलं होतं, "ही तुमचीच ना हो?"

"रशिदाताई," काकू म्हणाल्या, "माझ्या मुलीनं तुमचा फोन चोरलाय असं उझमानं सगळ्यांना सांगितलंय. तुम्हीच सांगा, माझी यशू असं करेल का?"

अम्मीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं हातातलं कणीस शेगडीवर फिरवलं, खाली ठेवलं, हात पुसले.

"तुमच्या पोरीनं चोरी न्हाई केली, ताई," ती म्हणाली. "मी बी न्हाई केली."

काकूंना काही उमगेना. मग मी माझा फोन काढला आणि त्यांना तो फोटो दाखवला. वरची तुझी चित्रं, खालची अम्मी. त्यांनी तो आधी कधी बघितलाच नव्हता. चित्रं त्यांनी ओळखली, तुमच्या हॉलमध्ये तुझीच चित्रं लागली आहेत. मी कढईकडे बघत होते. काकूंवर माझा राग नाही, आणि त्यांचा पडलेला चेहरा बघायला मी ते चित्र काढलं नव्हतं. तो तुझा बघायचा होता.

मग काकूंनी काय केलं, सांगू? खांद्यावरची पर्स काढली, वाकून बाकड्याखाली सरकवली आणि म्हणाल्या, "ठेवता का?" अम्मी म्हणाली, "ठेवा की." गुडघे दुखतात त्यांचे, तरी कठड्याला धरत धरत वरपर्यंत गेल्या. उतरल्यावर पर्स घेतली, उघडून बघितली नाही, कणीस खाल्लं आणि बस धरायला निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "तिला मी बोलते." एवढंच.

त्या गेल्यावर अम्मीनं मला जवळ बसवलं. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार.

"तू काडलंस त्ये?"

"हो."

"दाव."

मी दाखवलं. तिनं चौकटी एकेक करून मोठ्या केल्या, स्वतःला समोरून आणि बाजूनं बघितलं, नाक मुरडलं. मग बॅगेवर थांबली.

"बॅग लय झ्याक काडलीस," म्हणाली आणि फोन परत दिला.

उझमा


२४ ऑगस्ट २०२५
कार्ले

यशोधरा,

भाग मिळाला. काकू तुला नक्की काय बोलल्या ते कळायला मला आवडलं असतं, पण दोन आठवड्यांत तुझ्याकडून चार चौकटी निघाल्या, तेव्हा काहीतरी जिव्हारी लागलं असणार. चित्रं सुरेख आहेत, हे मान्य करते. धूर तुझ्याइतका चांगला कोणाला काढता येत नाही. अंगठी त्या बाईच्या स्वतःच्याच पाकिटाच्या आतल्या कप्प्यात सापडते, बाई ओशाळते, आणि शेवटी मावशी हसून तिला कणीस देते, "जाऊ द्या ताई, चूक माणसाकडूनच होते. घ्या, गरम आहे." खाली तू लिहिलंयस, समाप्त.

सोबतच्या चिठ्ठीत लिहितेस, आता तरी माझा भाग पूर्ण कर, झालं गेलं विसरून जाऊ.

मी लगेच तो पानावर टाकणार होते. अजीमला प्रिंटही काढायला सांगितली. पण या वेळी खांबाला बांधायच्या आधी मी अम्मीला सगळं वाचून दाखवलं, एकेक शब्द, बोट ठेवून. आधीच्या वेळेस कोणी दाखवलं नव्हतं म्हणून. अंगठी सापडते तिथं तिनं "व्हय का" म्हणून समाधानानं मान हलवली. शेवटच्या चौकटीला तिचा हात थांबला.

"ह्ये मी कवा म्हनले?"

"तू नाही, चित्रातली मावशी म्हणते."

"चित्रातली मावशी कोन हाय? मीच न्हवं?"

"तूच."

"मंग मला कुनी इचारलं?" अम्मीनं प्लॅस्टिकखालच्या, तू काढलेल्या धुरावरून बोट फिरवलं. "दोन सालं लोकं बॅगा उराशी धरून वर जात्यात. आन मी त्या बाईला फुकाट कणीस देऊ? माफ केलं म्हनू? त्या येळंला चोर बी हिनंच केलं, आन आता मोठ्या मनाची बी हीच करती. मला मन हाय का न्हाई?"

मी म्हटलं, अम्मी, निदान अंगठी तरी सापडली.

"अंगठी सापडली त्ये ऱ्हाऊ दे. कणीस काड त्यातनं."

लहानपणापासून मला वाटायचं की हा डूख धरायचा स्वभाव मी अब्बूंकडून घेतला. अब्बू गेले, टपरी तिनं एकटीनं चालवली, कधी कोणाला उलटून बोलली नाही, म्हणून तिच्यात तो नाहीच असं मी धरून चालले होते. तूही तेच धरून चाललीस. तुझ्या मावशीला तू दोन वर्षं हसवलंस, घाबरवलंस, रडवलंस, पण एकदाही चिडू दिलं नाहीस.

तुझा भाग परत पाठवतेय. अम्मीला शेवटच्या चौकटीत काय हवंय ते मागच्या बाजूला लिहिलंय. तिच्या तोंडचं जसंच्या तसं आहे, त्यात एक काना-मात्रा बदलू नकोस. तुझ्या शहरी मराठीत केलं तर छान दिसेल असं तुला वाटेल. तसं नकोय.

उझमा


१४ सप्टेंबर २०२५
कार्ले

यशोधरा,

नवा भाग शुक्रवारी पानावर टाकला आणि खांबाला बांधला. आता शेवटच्या चौकटीत मावशी हाताची घडी घालून उभी आहे आणि म्हणते, "ताई, ज्यांच्याम्होरं चोर म्हनलात, त्यांच्याम्होरंच सांगा." आणि बाई गर्दीकडे तोंड करून उभी. ती काय बोलली ते तू लिहिलं नाहीस, नुसतं तिचं उघडलेलं तोंड काढलंस. ते अम्मीला आवडलं. मला आवडलं नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू.

जानूभाऊ प्रत्येक गिऱ्हाईकाला तो मोठ्यानं वाचून दाखवतो, हवालदाराचा आवाज वेगळा काढून. काल नाशिकच्या एका कुटुंबानं ऐकलं आणि बॅगा ठेवल्या. आज सकाळी दोन कॉलेजच्या मुलांनी हेल्मेटं ठेवली. त्यानंतर एका बाईनं ठेवायला म्हणून बॅग खांद्यावरून काढली, नवऱ्यानं फोनवर तिला काहीतरी दाखवलं आणि तिनं ती परत अडकवली. तो फोटो अजून फिरतोय. तुझा भाग चार-पाचशे लोकांनी वाचला असेल, फोटो किती जणांकडे आहे ते कोणालाच माहीत नाही. हे तुला कळावं म्हणून लिहितेय. तुझ्या बाजूनं मिटलं असेल, आमच्या बाकड्याखाली अजून मिटलेलं नाही.

तू तीनदा विचारलंस, माझी बॅग कधी उघडणार. ऑफिसात तुला आता सगळे 'कासव' म्हणतात, नव्या मुलीनंही पहिल्याच दिवशी तो भाग तुला दाखवला, आणि दर शुक्रवारी तू आपलं पान उघडून बघतेस, असं लिहिलंयस. उघडत राहा. शेळीच्या पानावर ये कधी सोमवारी, तुझ्यासाठी जागा आहे तिथं.

तुझा शेवटचा भाग माझ्याकडे काढून तयार होता. बॅगेत काय निघतं तेही ठरलं होतं. मनात होतं, तो तसाच ठेवायचा, जन्मभर. पण बॅगा ठेवणं हा अम्मीचा धंदा आहे, म्हणून एकदा तिला विचारलं, त्या यशूचं काय करू?

"तिची आई ठिवून गेली, त्ये तिनं बरं केलं," ती म्हणाली. "पर चित्रं काय तिच्या आईनं न्हवती काडली. तिला म्हनावं, आयतवारी ये, लय गर्दी असती तवा. बॅग हितं ठिव, फोनसकट, समद्यांच्या देकत. वर जाऊन ये, सावकास. खाली आली की जानू ह्ये वाचल, तवा तिनं खांबाजवळ उबं ऱ्हायाचं आन लोकांना सांगायचं की त्ये चोरीचं चित्र मी काडलं व्हतं. काय म्हनायचं त्ये तिचं तिनं बगावं. मी शिकवनार न्हाई."

"आणि कोणी फोटो काढला तर?"

"काडू दे. पदर सारखा कर म्हनावं."

"मग तिचा भाग टाकू का?"

"मंग टाक."

मला विचारशील तर मी एवढंही दिलं नसतं. मी तयार केलेला तो भाग काल फाडून शेगडीत घातलाय, कारण आता बॅगेत काय निघतं ते ठरवणारी मी कोण. ते तू उघडशील तेव्हा दिसेल. बंगळुरूहून लोणावळ्याला थेट गाडी आहे, रविवार दर आठवड्याला येतो. तुझ्या येण्याची मी वाट बघणार नाही, वाट बघून मला पुरे झालंय. पण पानावर तो हवालदार हात पुढे करून उभा आहे, आणि तू स्वतः येऊन त्या पायऱ्यांखाली तोंड उघडेपर्यंत मी त्याला तिथून हलवणार नाही.

उझमा